प्रवाळांचा नकाशा कोणी काढला?

प्रवाळ म्हटले की आपल्याला प्रथम आठवते ते अंगठीतले पोवळे. नवरत्नांत त्याची गणना आहे, आणि मंगळाची पीडा टळावी म्हणून ते बोटात घालणारे लोक आपल्या गावात आजही पुष्कळ आहेत. हे तांबडे पोवळे आपल्या समुद्रातले नव्हे. ते भूमध्य समुद्रातून येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तीत पोवळ्याचे नाव आढळते. जी वस्तू आपण इतकी घरची मानतो, ती निदान दोन हजार वर्षांपूर्वीपासून परदेशातून येत आहे. आज ज्या प्रवाळांविषयी आम्हांला सांगावयाचे आहे ते या पोवळ्याचे नातलग खरे, परंतु त्यांचा व्यवसाय निराळा. ते दागिन्यात बसत नाहीत. ते समुद्रात खडक रचतात.

हा रचणारा प्राणी नखावर मावेल एवढा असतो. अंग मऊ, भोवती चिमुकल्या भुजा, मध्ये तोंड. समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन तो स्वतःभोवती एक कठीण पेला बांधतो. त्याला अंकुर फुटून शेजारी दुसरा पेला उभा राहतो, मग तिसरा. असे हजारो पेले मिळून एक वसाहत होते, आणि मेलेल्या वसाहतींच्या सांगाड्यांवर नव्या वसाहती चढत जाऊन युगांती प्रवाळखडक तयार होतो. या प्राण्याच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून राहते. ते उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला देते. म्हणून खडक बांधणारे प्रवाळ उजेड पोचेल अशा उथळ व उबदार पाण्यात वाढतात. मात्र पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसऱ्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही भागीदारी मोडते. शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर प्रवाळ सावरतो. न निवले तर उपाशी मरतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या साली असे व्यापक विरंजन झाले. सालांमधले अंतर कसे कमी होत गेले ते श्रोत्यांनी लक्षात घ्यावे.

जे इतक्या झपाट्याने बदलत आहे ते राखावयाचे तर ते कोठे आहे, किती आहे आणि कोणत्या स्थितीत आहे, हे आधी ठाऊक हवे. म्हणजे नकाशा हवा. असा नकाशा कोणी काढावयाचा, असे विचारले तर आपण सहज म्हणू, की हे शास्त्रज्ञांचे काम. सामान्य माणसाचा त्यात काय संबंध? आमचे म्हणणे असे, की प्रवाळांचा नकाशा प्रारंभापासूनच दुसऱ्याच कामाला निघालेल्या लोकांच्या नोंदींवर उभा राहिला आहे. शास्त्रज्ञाने त्या नोंदी पारखल्या आणि एकत्र मांडल्या. ही पारख जेथे चांगली झाली तेथे नकाशा उपयोगी पडला, आणि जेथे नोंदच नव्हती तेथे प्रवाळच नाहीत असे समजून माणसे मोकळी झाली. या दोन गोष्टींचा इतिहास आज थोडक्यात पाहू.

युरोपच्या दर्यावर्दी लोकांना प्रवाळखडकाची ओळख झाली ती बहुधा जहाजाच्या तळातून. ११ जून १७७० च्या रात्री कॅप्टन जेम्स कुकचे 'एंडेव्हर' जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले. तोफा, पिंपे, दगडगोटे मिळून कित्येक टन वजन समुद्रात फेकून दिल्यावर सुमारे तेवीस तासांनी ते निघाले. पुढे किनाऱ्यावर जहाज ओढून पाहतात तो प्रवाळाचा एक मोठा तुकडा भोकातच अडकून राहिलेला. ज्याने भोक पाडले त्यानेच ते काही अंशी बुजवले, आणि जहाज बुडाले नाही. दुरुस्तीला सात आठवडे लागले. त्या काठावर राहणारे गुगु यिमिथिर लोक हे सारे पाहत होते. त्यांना हे खडक पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. पण त्यांची माहिती कागदावर नव्हती, म्हणून कुकच्या नकाशाच्या दृष्टीने तेथे काहीच नव्हते. प्रवाळांच्या नकाशातली पहिली कोरी जागा ही अशी होती. माहिती होती, परंतु ती पोचली नव्हती.

यानंतर दर्यावर्दी लोक सावध झाले. समुद्राचा तळ पाहण्याचे त्यांचे साधन अगदी साधे होते. दोरीला शिशाचा जड ओळंबा बांधून सोडावयाचा आणि किती वाव दोरी गेली ते मोजावयाचे. ओळंब्याच्या बुडाला एक खोलगा असे. त्यात चरबी भरलेली असे. तळाला टेकला की चरबीला वाळू, शिंपले, चिखल किंवा प्रवाळाचा चुरा चिकटून वर येई. मग नकाशावर खोलीच्या आकड्याशेजारी तळाचा प्रकार लिहिला जाई. नांगर कोठे धरेल आणि जहाज कोठे फुटेल, एवढेच त्या लिहिणाऱ्याला हवे होते. १७७३ ते १७७५ या काळात जॉर्ज गॉल्ड नावाच्या मोजणीदाराने ब्रिटिश आरमारासाठी फ्लॉरिडाच्या बेटांभोवतीचा समुद्र असाच मोजला आणि जागोजागी 'प्रवाळ' अशी नोंद केली. हा नकाशा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

अशा विखुरलेल्या नोंदींचा पहिला मोठा हिशेब मांडला तो चार्ल्स डार्विनने. डार्विन म्हटले की आपल्याला उत्क्रांतिवाद आठवतो. परंतु त्याचे प्रवाळांवरील पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचे, १८४२ चे आहे. त्या पुस्तकाला जगाचा एक रंगीत नकाशा जोडला आहे. किनाऱ्याला चिकटून असलेले प्रवाळखडक तांबड्या रंगात, किनाऱ्यापासून दूर भिंतीसारखे उभे असलेले फिकट निळ्यात, आणि मध्ये बेट नसलेली कंकणाकार प्रवाळद्वीपे गडद निळ्यात. समुद्राचा तळ सावकाश खचत जातो आणि प्रवाळ वर वाढत राहतो, त्यामुळे पहिल्या प्रकाराचा दुसरा व दुसऱ्याचा तिसरा होतो, अशी त्याची उपपत्ती होती. १९५२ साली प्रशांत महासागरातील एनिवेटॉक या कंकणद्वीपावर बाराशे मीटरांहून खोल भोक पाडले तेव्हा प्रवाळी चुनखडीच्या खाली ज्वालामुखीचा काळा दगड लागला, आणि डार्विनचे म्हणणे बव्हंशी खरे ठरले.

परंतु आज आम्हांला त्या उपपत्तीपेक्षा त्या नकाशाचे महत्त्व अधिक वाटते. डार्विनने स्वतः किती प्रवाळखडक पाहिले होते? 'बीगल'च्या सफरीत ताहिती, एप्रिल १८३६ मध्ये कीलिंग बेटे आणि त्यानंतर मॉरिशस, अशी मोजकीच ठिकाणे. मग साऱ्या जगाचा नकाशा त्याने कसा रंगवला? लंडनला परतल्यावर त्याने आरमारी नकाशे पसरले, सफरींची वर्णने वाचली, मिशनरींची पुस्तके चाळली, कप्तानांना पत्रे लिहिली. पुस्तकाच्या परिशिष्टात तो एकेका समुद्राचा आढावा घेतो, कोणत्या बेटाची माहिती कोणाकडून मिळाली ते सांगतो, आणि त्या माहितीवर कितपत भरवसा ठेवावा तेही सांगतो. जेथे पुरावा संशयित वाटला तेथे त्याने रंग भरलाच नाही. आजच्या भाषेत बोलावयाचे तर लोकांकडून आलेल्या माहितीची छाननी करून तयार केलेला तो नकाशा होता. फक्त माहिती यावयास टपालाचे जहाज लागे.

या कामात मुंबईचाही एक वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. मुंबई हे ज्याचे ठाणे होते त्या कंपनीच्या आरमारातील कॅप्टन रॉबर्ट मोरेस्बी याने १८२९ ते १८३३ या काळात तांबड्या समुद्राची, १८३४ ते १८३६ या काळात मालदीवची आणि त्यानंतर चागोसची मोजणी केली. हेतू उघड होता. आगबोटी सुरू होत होत्या आणि मुंबईहून सुएझकडे जाणारा मार्ग सुरक्षित हवा होता. डार्विनने मालदीव व चागोस यांविषयी जे लिहिले ते मुख्यतः मोरेस्बीच्या नकाशांवर व त्याने कळवलेल्या माहितीवर आधारलेले आहे. आगबोट खडकावर चढू नये म्हणून घेतलेल्या मापांतून जगाच्या भूगोलातला एक मोठा प्रश्न सुटावयास मदत झाली.

तथापि या सर्व नोंदींत एक उणीव होती. खलाशी मार्गावरचे लिहितो, मार्गाबाहेरचे लिहीत नाही. आणि खडक आहे एवढे लिहितो, तो जिवंत आहे की मेलेला, हे लिहीत नाही. प्रवाळाकडे जिवंत वस्तू म्हणून पाहावयाचे तर पाण्याखाली जाऊन पाहावयास हवे होते. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली एक वैज्ञानिक मंडळ ग्रेट बॅरियर रीफवरील लो आइल्स या बेटावर वर्षभराहून अधिक काळ राहिले आणि प्रवाळ खातो काय, वाढतो कसा, याचा त्यांनी कसून अभ्यास केला. परंतु असे मंडळ एका बेटावर बसणार. खडक तर सुमारे तीन हजार आणि पसरलेले २,३०० किलोमीटरांवर. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन पोहण्याचे साधन तयार केले आणि चित्र पालटले. महायुद्धानंतर हे साधन दुकानात मिळू लागले. शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी सुटीच्या दिवशी समुद्राच्या तळाशी जाऊ लागले. पाहणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली.

त्यांच्या पाहण्याला काय किंमत आहे, याची परीक्षा १९६७ साली झाली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात, इनिसफेल गावासमोरच्या समुद्रात एलिसन रीफ नावाचा प्रवाळखडक आहे. तेथला चुना खणून शेताला खत म्हणून विकावा, असा एक अर्ज सरकारकडे आला. अर्जाचा आधार असा, की हा खडक मेलेलाच आहे; मेलेल्याचा उपयोग केला तर कोणाचे काय जाते? वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड वाटते, आणि सरकारदरबारी त्याच्याविरुद्ध दाखवण्यासारखा एकही कागद नव्हता. एलिसन रीफची कोणी मोजणी केलेली नव्हती. कोरी जागा ती हीच.

जवळच समुद्रकाठी राहणारे चित्रकार जॉन बस्ट यांनी हरकत घेतली. त्यांच्याबरोबर कवयित्री जुडिथ राइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लेन वेब ही मंडळी होती. परंतु हरकत घेणे निराळे आणि पुरावा देणे निराळे. खाणींच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती. तेथे सौंदर्याची वर्णने चालणार नव्हती. मोठ्या संस्थांचे शास्त्रज्ञ लगेच उतरावयास तयार नव्हते. अखेर ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड लिटोरल सोसायटी या नव्या संस्थेतील विद्यार्थी व हौशी पाणबुडे तेथे गेले, खडकावर उतरले आणि काय काय दिसले त्याची याद्यांसह नोंद करून आले. जिवंत प्रवाळांच्या कितीतरी जाती त्यांना मिळाल्या, माशांच्या त्याहून अधिक. शिवाय जो भाग मेलेला म्हणत होते त्याच्या फटींतून अनेक जीव राहत होते, असेही दिसले. साक्ष झाली आणि अर्ज फेटाळला गेला.

हा निकाल एका लहानशा खडकापुरता होता. परंतु त्याच सुमारास या समुद्रात तेलाच्या विहिरी खोदण्याचा मोठा घाट घातला जात होता, आणि एलिसन रीफच्या प्रकरणाने लोकांना जागे केले. चळवळ वाढली, चौकशी आयोग बसला, आणि १९७५ मध्ये ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला. १९८१ मध्ये या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जुडिथ राइट यांनी या लढ्याचा इतिहास १९७७ साली पुस्तकरूपाने लिहिला. आम्हांला त्यातून एक गोष्ट मुद्दाम पुढे मांडावीशी वाटते. ज्यांनी हा खडक वाचवला त्यांच्याजवळ पैसा वा पद नव्हते. त्यांच्याजवळ तारीख घातलेली, तपासून पाहता येईल अशी यादी होती.

पुढच्या काळात ही यादी करण्याची रीत बांधून देण्यात आली. १९९७ साली ग्रेगर हॉजसन यांच्या पुढाकाराने 'रीफ चेक'ची पहिली जागतिक पाहणी झाली. तीत ३१ देशांतील तीनशेहून अधिक प्रवाळखडकांवर हौशी पाणबुडे शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली उतरले. पद्धत पाहण्यासारखी आहे. तळाशी शंभर मीटरांची फीत अंथरावयाची. तिचे वीस-वीस मीटरांचे चार तुकडे घ्यावयाचे, मध्ये थोडी जागा सोडावयाची. आणि प्रत्येक तुकड्यात दर अर्ध्या मीटरावर फितीखाली जे असेल ते लिहावयाचे. कठीण प्रवाळ, मऊ प्रवाळ, नुकता मेलेला प्रवाळ, वाळू, खडक, असे थोडेच प्रकार. मिळून १६० ठिपके. जाती ओळखा असे सामान्य माणसाला सांगितले तर तो चुकणार; परंतु फितीखाली वाळू आहे की प्रवाळ, यात सहसा चूक होत नाही. प्रश्न साधा केला की उत्तरावर भरवसा ठेवता येतो.

२००२ साली क्वीन्सलंड विद्यापीठाने 'कोरलवॉच' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याचे साधन याहूनही साधे, म्हणजे पाण्यात टिकणारे एक रंगीत कार्ड. त्यावर चार रंगांच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीत फिकटापासून गडदापर्यंत सहा छटा. प्रवाळाजवळ कार्ड धरावयाचे, त्याचा सर्वांत फिकट भाग कोणत्या छटेशी जुळतो आणि सर्वांत गडद भाग कोणत्या, ते लिहावयाचे. प्रवाळातले शैवाल कमी झाले की रंग फिकटतो, हे आपण वर पाहिलेच. आपल्याकडे धुण्याच्या दुकानात कपडा पारखतात तितकीच सोपी ही परीक्षा. पण जगभरातून हजारो लोकांनी तीच परीक्षा त्याच कार्डाने केली, की आजार कोठे सुरू झाला ते दिसू लागते.

इंटरनेट तर आलेलेच होते, आणि यानंतर छायाचित्राबरोबर तारीख व ठिकाण आपोआप टिपणारे फोन आले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'आयनॅचरलिस्ट'वर कोणीही एखाद्या जीवाचे छायाचित्र ठेवावे, इतरांनी तो ओळखावा, आणि पुरेशा जाणत्यांचे एकमत झाले तरच ती नोंद संशोधनास योग्य मानावी, अशी व्यवस्था आहे. डार्विन एकटा बसून जी पारख करी, ती येथे अनेक जण मिळून करतात. २०२० च्या ऑक्टोबरात ग्रेट बॅरियर रीफवर 'ग्रेट रीफ सेन्सस' ही प्रवाळांची शिरगणती सुरू झाली. पर्यटकांच्या होड्या, मासेमार, खासगी नौका, ज्याला ज्या खडकाजवळून जावयाचे असेल त्याने तेथली छायाचित्रे काढून पाठवावी, आणि घरी बसलेल्या लोकांनी ती पाहून कोणत्या चित्रात किती प्रवाळ आहे ते सांगावे, अशी ती योजना. कारण एवढेच, की शास्त्रज्ञांच्या नियमित पाहणीत वर्षाकाठी सुमारे शंभर खडक येतात, आणि खडक तर आहेत तीन हजार. जे खडक शेजारच्या उजाड खडकांना पिलावळ पुरवू शकतील ते आधी शोधून राखावे, हा यातला व्यावहारिक हेतू.

येथे कोणी म्हणेल, की आता उपग्रह आहेत. मग या हौशी लोकांची गरज काय? आक्षेप योग्य आहे. २०१८ पासून काम करून २०२१ च्या सप्टेंबरात 'ॲलन कोरल ॲटलास' हा जगातील उथळ प्रवाळखडकांचा उपग्रहांवरून काढलेला नकाशा पूर्ण झाला. त्यावरून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे जगात सुमारे ३,४८,००० चौरस किलोमीटर उथळ प्रवाळखडक आहेत, आणि त्यांपैकी प्रवाळ वाढू शकेल असा कठीण तळ सुमारे ८०,००० चौरस किलोमीटर आहे. हे काम थोर आहे. परंतु उपग्रहाला दिसतो तो रंग. हा रंग प्रवाळाचा की शेवाळाचा, हे ठरवावयास कोणीतरी पाण्यात उतरून पाहिलेले असावे लागते. अशा नोंदींवरच यंत्राला ओळख शिकवली जाते. दुसरे असे, की खोल व गढूळ पाण्यात उपग्रहाची नजर पोचत नाही. आणि आपला कोकणचा समुद्र, विशेषतः खाड्यांच्या मुखाजवळचा, गढूळच आहे.

हौशी नोंदींचेही दोष आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लोक बंदराजवळ, सुटीत, चांगल्या हवेत उतरतात. देखण्याचे छायाचित्र काढतात. मेलेल्याचे काढीत नाहीत. 'पाहिले, पण काही आढळले नाही' असे तर बहुधा कोणीच कळवीत नाही. अठराव्या शतकातला खलाशी मार्गाबाहेरचे लिहीत नसे; आजचा पर्यटक आवडीबाहेरचे लिहीत नाही. दोष एकाच जातीचा आहे. दुर्मिळ जीवाचे नेमके ठिकाण जाहीर झाले तर ते चोरून नेणाऱ्याच्याही उपयोगी पडते. म्हणून संकटात असलेल्या जातींची ठिकाणे अशा नोंदवह्यांत मुद्दाम धूसर करून दाखवतात. या सर्वांचा उपाय डार्विनने दाखवला आहे: कोणी पाहिले ते सांगावे, संशय असेल तेथे रंग भरू नये, आणि रंग नाही म्हणजे प्रवाळ नाही असे वाचू नये.

आता गॉल्डच्या नकाशाकडे वळू. २०१७ साली लॉरेन मॅक्लेनाकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॉरिडाच्या त्या १७७३-७५ च्या नकाशांवरील 'प्रवाळ' अशा नोंदी एकेक करून आजच्या नकाशांशी ताडून पाहिल्या. निष्कर्ष असा निघाला, की त्या काळी नोंदलेल्या जागांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जागी आज प्रवाळाचा तळच उरलेला नाही. बाहेरच्या खोल कड्यावर ऱ्हास थोडा होता. किनाऱ्यालगत, माणसांच्या वस्तीजवळ, सर्वांत अधिक. आधुनिक पाहणी विसाव्या शतकात सुरू झाली, आणि जे त्यापूर्वीच गेले होते ते गेल्याचेही कोणाला ठाऊक नव्हते. लोक उरलेल्यालाच पूर्ण समजत होते. जहाज फुटू नये म्हणून लिहिलेला एक शब्द अडीचशे वर्षांनी साक्षीला उभा राहिला.

आपल्या किनाऱ्याचा विचार केला तर काय दिसते? मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत. तेथला सागरी अभयारण्याचा टापू १९८७ मध्ये जाहीर झाला. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. तेथील प्रवाळांची पाहणी करण्यास २०१९ च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांची एक मोहीम गेली होती. ही ठिकाणे निदान नावाने माहीत आहेत. परंतु खुद्द मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, असे दहा-पंधरा वर्षांपूर्वी सांगितले असते तर पुष्कळांनी हसण्यावारी नेले असते.

२०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने काही नागरिक अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला हाजी अली, मरीन ड्राइव्ह, जुहू अशा ठिकाणी लोकांना घेऊन किनाऱ्यावर हिंडू लागले, आणि दिसलेल्या जीवांची छायाचित्रे नोंदवू लागले. त्यांत दगडांना चिकटलेल्या लहान लहान प्रवाळ वसाहतीही होत्या. ऑस्ट्रेलियासारखी भिंत नव्हे. वितीत मावतील अशा. त्याच किनाऱ्याला लागून सागरी किनारा मार्गाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले होते. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे कायद्याने त्यांची पायरी वाघाची आहे. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या रस्त्याची पर्यावरणविषयक मंजुरी रद्द करताना वन्यजीव कायद्याखालील परवानगीचीही आवश्यकता सांगितली. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली व काम पुन्हा सुरू झाले. पुढे परवानगी घेऊन, २०२० च्या अखेरीस, वरळी व हाजी अली येथील १८ प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवण्यात आल्या.

या प्रकरणात कोणाचे बरोबर होते याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. शहराला रस्ता हवा, हेही खरे आहे. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. जो जीव कागदावर आला त्याच्याविषयी प्रश्न विचारला गेला, परवानगी मागावी लागली, त्याला हलवण्याचा तरी खटाटोप झाला. जो कागदावर नव्हता त्याच्यावर भराव पडला असेल तर तो पडल्याचे कळण्याचाही मार्ग नाही. एलिसन रीफ वाचला आणि वरळीच्या वसाहती हलवल्या गेल्या, म्हणजे नोंद असली की विजय मिळतोच असे नव्हे. नोंद असली की बाजू मांडता येते, इतकेच. नोंद नसली तर बाजूच नसते.

आणि नोंद करण्यासारखी माहिती आपल्या किनाऱ्यावर पुष्कळ पडून आहे. कोणत्या खडपावर जाळे फाटते, कोठे पूर्वी एक जातीचा मासा मिळे आणि आता मिळत नाही, हे कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. कुकच्या वेळी काठावर उभे असलेल्या लोकांप्रमाणेच हे ज्ञान अजून कोणाच्या नकाशात गेलेले नाही. मालवणला पाण्याखाली जाऊन छायाचित्रे काढून घेणाऱ्या हौशी पर्यटकांच्या फोनमध्येही त्यातला काही भाग निजलेला आहे. चेहऱ्यामागे जो प्रवाळ दिसतो, तो त्या दिवशी कोणत्या रंगाचा होता याचा तो पुरावाच आहे.

त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. दिवस, वेळ, ठिकाण, पाण्याची खोली किंवा ओहोटीची स्थिती, आणि जवळून व दुरून घेतलेली दोन छायाचित्रे पुरतात. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये, तुकडा घरी आणू नये. पहिल्या दोन गोष्टींनी तो दुखावतो आणि तिसरी गोष्ट कायद्याने गुन्हा आहे. नाव ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे लिहावे. ओळखणारे दुसरे आहेत. काही दिसले नाही तर तसेही लिहावे. आणि शक्य असेल तर वर्षाने त्याच जागी, त्याच ओहोटीला पुन्हा जावे, कारण एका नोंदीने एवढेच कळते, की तेथे काय होते. काय झाले ते कळावयास दुसरी लागते. गॉल्डच्या नोंदीला दुसरी नोंद मिळण्यास अडीचशे वर्षे लागली. आपल्या समुद्राला तेवढी सवड आहे असे दिसत नाही.